कुजक्या फासळ्या

उंदराच्या मुताचा वास एकदा नाकात बसला की तो कॉफीतही येतो, पावातही येतो आणि पुस्तक उघडलं तर पानांतूनही येतो. हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. त्याआधी माझी ओळख होती ती जुन्या कागदाच्या वासाशी. आमच्या काउंटीच्या वाचनालयात मी आयुष्यभर पुस्तकांच्या नोंदी केल्या. तिथल्या तळघरात बर्फ वितळायच्या दिवसांत जो दमट वास यायचा तोच माझ्या माहितीतला सगळ्यात वाईट वास. खरं तर तोही मला आवडायचा.

ट्रेलरची कल्पना माझीच. माझ्या कल्पना सहसा कुणी मनावर घेत नाही, मीही घेत नाही. पण या वेळी माझी कोंडी झाली होती. माझी बायको आर्डिस हिला मिनेसोटाचा हिवाळा आता सोसत नाही. गुडघे धरतात, घराबाहेर पाऊल टाकता येत नाही. उबदार ॲरिझोनात आमची मुलगी कर्स्टन राहते. तिने तिथल्या म्हाताऱ्यांच्या वसाहतीत आमच्यासाठी एक फ्लॅट बघून ठेवला होता. दोन खोल्या, पोहण्याचा तलाव, संध्याकाळी बिंगो. आर्डिस हो म्हणायला तयार होती. इथलं घर विकायचं ठरलं म्हणजे माझी पुस्तकांची खोलीही गेली, आणि ती पुस्तकं त्या दोन खोल्यांत मावणार नव्हती. मला 'नाही' म्हणता येत नाही. म्हणून मी म्हणालो, "आपण एखादा जुना ट्रेलर, चाकांवरचं छोटं घर, घेऊ या. हिवाळ्यात गाडीला जोडून दक्षिणेत जायचं, वसंतात घरी परत यायचं. मी तो दुरुस्त करीन."

आर्डिसने हातातली भांडी खाली ठेवली. "तू? अरे, कॅलेंडर लावायला तू शेजारच्या ड्वेनला बोलावतोस."

"शिकेन."

"वाचशील," ती म्हणाली. "तू शिकत नाहीस, हॅल, तू वाचतोस."

पण दोन दिवसांनी तिने स्वतःच विषय काढला. वसाहतवाल्यांना थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत, उत्तर हवं होतं. तोवर ट्रेलर राहण्याजोगा होताना दिसला तर ती फ्लॅटला नकार देणार. नाही दिसला तर घर विकायचं आणि मी तोंडातून ब्र काढायचा नाही. "आणखी एक," ती म्हणाली. "त्याला वास येता कामा नये. मी डुकरांच्या फार्मवर वाढलेय. वास सहन करण्याचा माझा कोटा लहानपणीच संपला."

ज्या बाईकडून ट्रेलर घेतला तिने त्याला पुदिन्यासारखा हिरवा रंग दिला होता. आत पिवळे पडदे, टेबलावर चौकड्यांचं कापड, आणि सगळीकडे लिंबाचा घमघमाट. बाजूने बघितलं तर हॅमच्या डब्यासारखा गोलसर, बुटका, गोंडस. अठ्ठावन्न सालचा. प्रत्येक खिडकीच्या कडेने पांढरं सिलिकॉन टूथपेस्टसारखं जाड थापलेलं होतं. मला वाटलं, किती निगुतीने राखलाय. बाई म्हणाली, "जरा साफसफाई केली की निघालात तुम्ही." आर्डिसने हवा हुंगली आणि म्हणाली, "एवढा लिंबू कशाला?" बाई हसली. मीही हसलो. लोक हसले की मी हसतो.

घरी आणल्यावर आठवडाभराने मी आतल्या भिंतीवर एक छोटा तापमापक लावायला गेलो. खिडकीखाली अंगठ्याने टाचणी दाबली आणि टाचणीबरोबर अंगठाही आत गेला. आत गार होतं, ओलं होतं. दुधात भिजलेल्या पावात बोट जावं तसं. अंगठा बाहेर काढला तर नखाखाली काळं भरलेलं.

मी तो प्लायवुडचा तक्ता ओढला. तो तुकड्यातुकड्याने माझ्या हातात आला. मागे थंडी अडवायला भरलेल्या पिवळ्या कापसाचं उंदरांनी घरटं केलेलं होतं. त्यात सूर्यफुलाच्या बियांची टरफलं, कुरतडलेल्या रस्त्यांच्या नकाशाचे कपटे, लेंड्यांचा थर आणि एक वाळून चपटं झालेलं पिल्लू. खालची लाकडं काळी पडून मऊ झाली होती, त्यांवर पांढरी बुरशी केसांसारखी उगवलेली. बाहेरून थापलेल्या सिलिकॉनने पाणी आत यायचं थांबलं नव्हतंच, आत आलेलं बाहेर जायचं मात्र थांबलं होतं.

मग मला थांबता येईना. वॉलपेपर सोलला तर खाली रंग, रंगाखाली दुसरा वॉलपेपर, त्याखाली चिकट तपकिरी डाग. ज्या कुणाला तो डाग दिसला त्याने तो झाकला, आणि पुढच्याने ते झाकण झाकलं. फ्रिजऐवजी बर्फाची लादी ठेवायच्या जुन्या कपाटाच्या तळाला काळा लोण्यासारखा गाळ साचलेला. गादीखालची फळी उचलली तर तिथे कुणी तरी कधी तरी ओकलेलं तसंच ठेवून वर कार्पेटचा तुकडा ठोकलेला होता. मी बाहेर येऊन लायलॅकच्या झुडपामागे ओकलो. तोंड पुसताना मला त्या बाईच्या पिवळ्या पडद्यांची इतकी शिसारी आली की आजही पिवळं कापड दिसलं की घशाशी येतं.

आणि मला स्वतःचीही आली. माझ्यासारख्या माणसाला लोक फसवतात यात नवल नाही. पण मी हसलो होतो, ते मला आठवत राहिलं.

मी वाचायला लागलो. जुन्या ट्रेलरच्या दुरुस्तीवर वाचनालयात होती ती पुस्तकं आणली, शेजारच्या काउंटीतून मागवली, एक तर विकत घेतलं. पेन्सिलीने खुणा केल्या. कळलं ते असं की या ट्रेलरची भिंत म्हणजे बारक्या लाकडी फासळ्यांचा सांगाडा असतो. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लायवुड. म्हणून आधी बाहेरचा पत्रा उतरवायचा, मग कुजक्या फासळ्या बदलायच्या.

मी दाराकडच्या बाजूपासून सुरुवात केली. हातमोजे, तोंडाला मुखपट्टी, डोळ्यांना चष्मा. तरी वास यायचा. पत्र्याचे स्क्रू गंजलेले, ते निघेनात म्हणून मी पहार घातली. पत्रा चुरगळला. फासळ्या ओढल्या की मऊ लाकूड गांडुळाच्या मातीसारखं ओघळायचं. आर्डिस पोर्चमधून बघायची, नाकाला रुमाल लावून. जेवायला बसलो की म्हणायची, "हात धुतलेस?" मी दोनदा धुतलेले असायचे. "परत धू."

ड्वेन बिअरची बाटली घेऊन कुंपणाशी यायचा. "हॅल, ट्रेलर दुरुस्त करतोयस की त्याचं पोस्टमॉर्टम?"

"दुरुस्त."

"मेलेला दिसतोय रे."

शनिवारी ड्वेन त्याच्या मागच्या अंगणातल्या खड्ड्यात शेकोटी करतो. त्या शनिवारी मी त्या सगळ्या फासळ्या, वाकड्या, गोल, तुटक्या, उंदरांच्या मुताने काळ्या पडलेल्या, घरटी, कापूस, सगळं ढकलगाडीत भरून त्याच्याकडे नेलं. "टाक टाक," ड्वेन म्हणाला, "पण धूर जातो त्या बाजूला बसू नकोस." धूर हिरवट निघाला. मी उभा राहून शेवटचा तुकडा जळेपर्यंत बघितलं. घरी येऊन गरम पाण्याने अंघोळ केली, त्या दिवसाचे कपडे कचऱ्यात टाकले. आर्डिसने माझी मान हुंगली. "आज कमी आहे," ती म्हणाली. लग्नानंतर एवढं कौतुक तिने क्वचितच केलं असेल. मला वाटलं, अवघड भाग संपला.

सप्टेंबरच्या शेवटी तळ्याकाठी जुन्या ट्रेलरवाल्यांचा मेळावा भरला. आर्डिसच म्हणाली, "चल, तयार झालेले कसे दिसतात ते तरी बघू." तिथे रीत अशी की ज्याचं दार उघडं असेल त्याच्याकडे कुणीही आत शिरून बघायचं. गवतात प्लास्टिकचे गुलाबी फ्लेमिंगो रोवलेले, चेरींची नक्षी असलेले पडदे, जुन्या फ्रॉकमधल्या सत्तरीच्या बायका, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या ट्रेलरमध्ये डोकं घालून "अय्या, किती गोड!" म्हणतोय. प्रत्येक चकचकीत भिंतीकडे बघून मला वाटायचं, इथे अंगठा दाबला तर?

जेवायला लांब टेबलावर प्रत्येकाने घरून काही तरी आणलेलं. आम्ही हॉटडिश, ओव्हनमध्ये भाजलेले बटाटे आणि खिमा, नेली होती. माझ्यासमोर रोक्झॅन नावाची बाई बसली. ती पूर्वी दातांची डॉक्टर होती. सेवानिवृत्तीनंतर तिने चार ट्रेलर उभे केले होते आणि ते ती सगळ्यांना सांगत होती. आवाज असा की दोन टेबलं पलीकडचे लोकही संभाषणात सामील.

"तुमचा कुठला?" तिने मला विचारलं.

"अठ्ठावन्नचा. नवशिका आहे मी."

"सगळेच असतात. कुठवर आलात?"

"दाराकडची बाजू उतरवली."

"शाब्बास. फासळ्या कुठे मांडल्यात?"

"मांडल्या म्हणजे?"

"जमिनीवर हो. जुन्या फासळ्या जशाच्या तशा मांडायच्या आणि त्यांवरून नव्या आखायच्या. कुठे मांडल्यात, गॅरेजमध्ये?"

मी हॉटडिशमध्ये चमचा फिरवत राहिलो. "जाळल्या."

"काय केलंत?"

"फार घाण होत्या. वास..."

"लोकहो!" रोक्झॅन उभीच राहिली. "इकडे या! या सद्गृहस्थांनी फासळ्या जाळल्या!"

लोक आले. कुणी कण्हलं, कुणी हसलं. एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली, चर्चमध्ये धरतात तशी. मी टेबलाखाली शिरलो असतो, पण तिथे आर्डिसचे पाय होते.

"अहो, दात किडला म्हणून कुणी जबडा फेकतं का?" रोक्झॅन म्हणाली. "त्या वेळच्या कारखान्यांत नकाशे-बिकाशे नव्हते. जमिनीवर गोलाई आखायची आणि कापत सुटायचं. तुमच्या ट्रेलरची गोलाई जगात दुसरीकडे कुठे नाही. ती त्या घाणीतच होती. घाण कितीही असो, तिच्या मापाची नवी फासळी तयार होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. पत्रा तरी आहे का? त्यावरूनही आखता येईल."

"चुरगळला. पहार घातली मी."

"अरे देवा. बरं, दुसरी बाजू उभी आहे ना? तिच्यावरून आखा आणि ती आखणी आरशात दिसते तशी फिरवा. पण ती बाजू अख्खी, न मोडता आडवी करायची. बाळ उचलता तशी. आणि कृपा करून काहीही स्वच्छ करू नका. तुम्हाला स्वच्छतेचा रोग आहे, तो इथे चालत नाही."

सगळे हसले. आर्डिस हसली नाही.

परतताना गाडीत तिने हॉटडिशचं रिकामं भांडं मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "तुझ्या पुस्तकांत नव्हतं का हे?"

मला खोटं बोलता आलं असतं. "होतं."

"मग?"

"खूण केली होती. पेन्सिलीने. दोनदा रेघ मारली होती."

तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की त्या नजरेपेक्षा उंदरांचं घरटं परवडलं. "वाचलंस, रेघ मारलीस आणि जाळून आलास."

"वास सहन होईना."

"उद्या कर्स्टनला फोन करते," ती म्हणाली.

"थँक्सगिव्हिंगला वेळ आहे अजून," मी म्हणालो. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. तिने फोन केला नाही. पण तिने कपाटातून खोकी काढली आणि हिवाळ्याचे जाड कपडे दान करायच्या ढिगात टाकायला सुरुवात केली.

दुसरी बाजू पहिलीपेक्षा घाण होती. बर्फाचं कपाट त्याच बाजूला, आणि त्यातून झिरपणारं पाणी वर्षानुवर्षं भिंतीतच मुरलेलं. खालच्या हातभर भागात लाकूड नव्हतंच, लाकडाच्या आकाराची काळी लापशी होती. ती हलवली की पडणार. आणि मला तीच जपायची होती.

शिवाय जागा नव्हती. गॅरेजमध्ये ट्रेलरच्या छताच्या उतरवलेल्या कमानी आणि आतलं सामान. बाहेर ऑक्टोबरचा पाऊस, रात्री गोठायचं. तळघराच्या जिन्याला वळण, तिथून भिंत जाणार नाही. एवढी लांब, कोरडी, सपाट जमीन घरात एकच होती. मी दोन दिवस ती गोष्ट स्वतःपाशीही कबूल केली नाही.

तिसऱ्या दिवशी आर्डिस चर्चच्या बायकांबरोबर बाहेर गेली तेव्हा मी पुस्तकांच्या खोलीतली मधली कपाटं रिकामी करायला घेतली. बागेकडचं काचेचं दार त्याच खोलीला आहे. इतिहास जेवणघरात गेला, चरित्रं जिन्यावर, शब्दकोश न्हाणीघरात. कपाटं भिंतीला सरकवली. गालिचा गुंडाळला. मग ड्वेनला हाक मारली.

"हॅल," ड्वेन खोलीत बघून म्हणाला, "आर्डिसला माहीत आहे?"

"नाही."

"मग मी इथे नव्हतो."

आम्ही भिंतीखाली प्लायवुडचे तक्ते सरकवले, दोऱ्यांनी बांधलं, ती आडवी केली. पाऊस भुरभुरत होता. आतून काही तरी खळखळलं. ड्वेन शिव्या देत होता, मी श्वास धरून होतो. दारातून आत नेताना एका कोपऱ्यातून काळं पाणी ओघळलं आणि माझ्या मनगटावरून बाहीत, कोपरापर्यंत गेलं. कोमट वाटलं. ते कोमट का असावं, हा विचार मी मुद्दाम केला नाही. हात सोडला असता तर खालचा भाग गेला असता. मी सोडला नाही. भिंत जमिनीवर टेकल्यावर मी बागेत जाऊन ओकलो. ड्वेन म्हणाला, "ओक बाबा, ओक. मी घरी जाऊन ओकतो."

मग मी गुडघ्यांवर बसलो. आतलं प्लायवुड सोलून काढलं. लेंड्या चमच्याने बाजूला केल्या, पण फासळीला धक्का लावला नाही. घरटं उचललं तर खालची लाकडाची कड घरट्यालाच चिकटून यायला लागली, म्हणून घरटं तसंच ठेवलं. जिथे लाकूड लापशी झालं होतं तिथे तिची कड कुठे संपते ते बोटाने चाचपून बघत होतो. हातमोज्यातून कळेना, म्हणून हातमोजा काढला. गोलाई बोटांखाली हळूहळू वळत गेली. मी तिच्यामागे पेन्सिल नेली. पुस्तकांत रेघा मारायची तीच पेन्सिल.

आर्डिस घरात आली ते मला कळलं नाही. तिने आधी न्हाणीघरातले शब्दकोश बघितले असावेत. मग ती दारात उभी राहिली, गळ्यातला स्कार्फ नाकावर धरून.

"हॅल्वर."

ती मला पूर्ण नावाने हाक मारते तेव्हा मी उभा राहतो. या वेळी राहिलो नाही. हात काढला असता तर कड हरवली असती. "थांब जरा," मी म्हणालो.

"माझ्या घरात."

"थांब. संपतच आलंय हे वळण."

ती थांबली. मी वळण संपवलं. मग वर बघितलं.

"ज्या खोलीसाठी हा सगळा खटाटोप केलास," ती म्हणाली, "तीच नासवलीस. हा वास जाणार नाही, कळतंय ना तुला? पुस्तकांतून जाणार नाही. कधीच."

खरं म्हणजे ते मला तोवर कळलं नव्हतं. मी भिंतीकडच्या कपाटांकडे बघितलं. पुस्तकं तशीच उभी होती, पण आता त्यांना वास लागणार होता, लागलाही होता. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. पण माझं लक्ष पुढच्या फासळीकडे होतं. ती एका कोपऱ्यात उसवत होती.

"आर्डिस, तिथला तो ठोकळा दे. पायाशी आहे तुझ्या."

"मी हात लावणार नाही त्याला."

"मग पायाने सरकव."

तिने पायाने सरकवला. बुटाच्या टोकाने, नाक मुरडून. मी ठोकळा फासळीखाली सारला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. कर्स्टनच होती. आर्डिसने दारातच उभं राहून फोन स्पीकरवर घेतला.

"मॉम, वसाहतवाल्यांचा परत फोन आला होता. थँक्सगिव्हिंगला महिनाच राहिलाय. हो सांगू ना त्यांना?"

आर्डिस जमिनीवरच्या त्या पसाऱ्याकडे बघत राहिली. मग माझ्या काळ्या हाताकडे.

"नको," ती म्हणाली.

"म्हणजे? ट्रेलर झाला?"

"झाला कसला. घरात पसरलाय, कापलेल्या डुकरासारखा. इतका घाण प्रकार मी आमच्या फार्मवरही बघितला नाही."

"मग?"

"मग काय? तुझ्या डॅडने पुस्तकं हलवलीत. स्वतःच्या हाताने. शब्दकोश न्हाणीघरात आहेत." तिने स्कार्फ आणखी घट्ट धरला. "या वर्षी नको म्हणून सांग त्यांना. जानेवारीत मी विमानाने येईन तुझ्याकडे, दोन महिने राहीन. एकटी. त्याला इथे बसू दे याच्यासोबत."

"डॅड थंडीत एकटा राहील?"

"एकटा कुठे? उंदीर आहेत."

फोन ठेवून ती म्हणाली, "आज जेवण पोर्चवर. तू या हाताने टेबलाला शिवायचं नाहीस."

आम्ही पोर्चवर, कोट घालून, गार हवेत जेवलो. मी डाव्या हाताने काटा धरला. मधेच आर्डिसने विचारलं, "किती राहिलंय?" मी म्हणालो, "खिडक्यांची चौकट आणि मागचं वळण." ती म्हणाली, "मागचं नीट कर. पाणी मागूनच येतं."

तिचं खरं होतं. पाणी मागूनच येत होतं.

आता जानेवारी आहे. ती कर्स्टनकडे आहे. नव्या फासळ्यांपैकी बऱ्याच कापून झाल्यात, जोडल्यात, एकदा उलट्या जोडल्यात आणि परत सोडवल्यात. कुजकी बाजू अजून जमिनीवरच आहे, कारण शेवटच्या दोन वळणांबद्दल माझी खात्री होत नाही. खोलीत शिरलो की अजून घशाशी येतं. सवय होते म्हणतात, मला झाली नाही. काल एक पुस्तक उघडलं, पूर्वी फार आवडायचं ते. पानांना तोच वास. मी ते मिटलं, खालच्या फासळीला टेकू लागत होता, तिथे सारलं. जाडी बरोबर बसली.